बाळाचं वजन झालं, आईच्या मनाचं काय?



मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव म्हटलं की कोसा विणणारे हातमाग आणि भोवतीची धानाची शेती आठवते. अशा गावात एखाद्या घरी बाळ जन्मलं की बाळंतिणीला शेक मिळतो, डिंकाचे लाडू मिळतात. टाके, दूध, कंबर सगळ्याची चौकशी होते. "तुझं मन कसं आहे गं?" हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. माझं मत असं, की हा प्रश्नही बाळंतपणाच्या काळजीचाच भाग असायला हवा.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे अनेकींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. पण उदासी त्यापुढेही राहिली, बाळ झोपलं तरी झोप येईना, बाळाकडे बघावंसं वाटेना, जीव नकोसा वाटू लागला, तर तो आजार आहे. ती आळशी नाही, "नाटकं" करत नाही. आणि ती भलतंसलतं बोलू लागली, नाही ते दिसू-ऐकू लागलं, तर "बाहेरचं लागलं" म्हणून अंगारा-धुपारा करत वेळ घालवू नका. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

हे शहरी लोकांचं फॅड आहे, असं कुणी म्हणेल. गोव्यातल्या मातांचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी त्यातल्या 23 टक्के मातांना नैराश्य असल्याचं आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांचा त्याच्याशी संबंध दिसला. बाळ मुलगी आहे की मुलगा, याचाही दिसला! विशेष म्हणजे, त्या मातांपैकी 78 टक्के जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. म्हणजे विचारपूस पोटात बाळ असतानाच सुरू व्हायला हवी.

ती करणार कोण? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेता येते, हे दाखवून दिलं. 2011 पासून देशभर आशाताई हे काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्या घरी येतात, बाळाचं वजन आणि ताप पाहतात. याच भेटीत दोन प्रश्न विचारता येतील : "गेल्या दोन आठवड्यांत फार उदास वाटलं का? कशातच मन लागत नाही, असं झालं का?" पण सासूसमोर नको, बाजूला बसवून विचारावं.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे खरं. म्हणूनच या कामाचं प्रशिक्षण आणि मोबदला त्यांना मिळायला हवा. आणि सगळं त्यांच्यावर ढकलून आपण मोकळे होऊ नये. त्या सहा वेळा येतात, आपण रोज घरात असतो.

बाबांनाही विसरू नका. दवाखान्याचा खर्च, रात्रीची जागरणं, कामाची चिंता यांनी तोही खचतो. पुरुषाने रडायचं नसतं म्हणून गप्प राहतो, कधी दारूकडे वळतो. त्यालाही विचारा.

मग करायचं काय? रात्री दोन तास बाळ तुम्ही सांभाळा, तिला झोपू द्या. "मुलगीच झाली का?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. तिचं बोलणं मध्येच न तोडता ऐका. बरं वाटत नसेल तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, किंवा 14416 वर फोन करा. ही सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं.

शिक्षकमित्रांनो, घरी नवं बाळ आलं आणि वर्गातलं एखादं पोर अचानक गप्प झालं, तर त्याच्या आईची चौकशी नक्की करा. कदाचित तिला कोणी विचारलेलंच नसेल.

तुमच्या घरी, शेजारी आत्ता कोणी बाळंतीण आहे का? आज संध्याकाळी जा. बाळाला नंतर घ्या, आधी तिच्याजवळ बसा.