ईसीजी नॉर्मल आला, तरी छाती दुखतेय?

चाकण, भोसरी, तळवड्यातल्या कामगारांना छातीत दुखू लागलं की दोनच शब्द आठवतात: ‘अटॅक’ नाहीतर ‘गॅस’. तिसरंही एक कारण असतं: बरगडीची कूर्चा.

आपल्याला बरगड्यांच्या 12 जोड्या असतात. मागे त्या मणक्याला जोडलेल्या असतात, पण पुढे हाड छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोचत नाही. मधलं अंतर कूर्चा भरून काढते. नाकाचं टोक दाबून पाहा, साधारण तसाच चिवट, लवचिक पदार्थ. वरच्या 7 बरगड्या आपापल्या कूर्चेने मधल्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या 3 वरच्या कूर्चेला टेकलेल्या, शेवटच्या 2 मोकळ्या. ही लवचिकता आहे म्हणून श्वास घेताना छाती फुगते, दिवसात वीसेक हजार वेळा.

या सांध्यांना सूज येते तेव्हा त्याला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. वजन उचलणं, ढकलणं किंवा जोराचा खोकला हे निमित्त होतं. कधी निमित्त सापडतच नाही. साध्या एक्स-रेत कूर्चा सहसा दिसत नाही. बोटाने दाबल्यावर नेमकी तीच कळ उठते, यावरून डॉक्टर ओळखतात.

पण हे बोट आधी स्वतःच लावू नका! दाबल्यावर दुखलं म्हणजे हृदय ठीक, असं नसतं. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, हात किंवा जबडा दुखतोय, तर 108 ला फोन करा. शिफ्ट संपायची वाट पाहू नका. पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर रक्ततपासणीसाठी थांबा म्हणाले, तर थांबा.

माझी तक्रार त्यानंतरच्या वाक्याबद्दल आहे. ‘हृदय चांगलं आहे, काही झालेलं नाही.’ झालेलं असतं! मोडलेल्या हाताला प्लास्टर घालता येतं, श्वासाला नाही. म्हणून हे दुखणं कित्येक आठवडे रेंगाळतं. पेशंट कामावर जातो, तेच जॉब उचलतो, पुन्हा कळ येते, पुन्हा ईसीजी, पुन्हा खर्च. कंत्राटी कामगाराला तर खाडा परवडतच नाही.

म्हणून डॉक्टरांकडून नुसतं ‘विश्रांती घ्यावी’ असं लिहून घेऊ नका. ‘अमुक दिवस वजन उचलणे, ढकलणे, हात डोक्यावर नेऊन काम करणे टाळावे’ असं स्पष्ट लिहून मागा. सुपरवायझरला त्यातून काय द्यायचं ते कळतं. कामच थांबवावं लागलं आणि ईएसआयचा हप्ता नियमित कापला जात असेल, तर प्रमाणपत्रावर आजारपणाचा भत्ता मिळू शकतो: पगाराच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात दिसते का, आजच पाहून घ्या.