नेम चुकल्यावरची गोळी

अमेरिकेच्या डोंगराळ राज्यांत शिकारीचा हंगाम जवळ आला की एक वाद हमखास रंगतो : हरणासाठी कोणत्या कॅलिबरची रायफल घ्यावी आणि एल्कसाठी कोणती? एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगाने दांडगा. पुरता वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो. कुणी .270 विंचेस्टरवर समाधानी असतो, कुणाचे 1906 पासून चालत आलेल्या .30-06 शिवाय पान हलत नाही. कोलोरॅडो राज्याने तर कायद्यानेच किमान मर्यादा घालून दिली आहे. गोळीचा व्यास .24 इंचापेक्षा कमी नको, एल्कसाठी तिचे वजन 85 ग्रेनच्या खाली नको आणि शंभर यार्डांवर पोचताना तिच्यात 1000 फूट-पौंड तरी जोर शिल्लक हवा. या साऱ्यामागचा हेतू रास्त आहे. मारायचेच असेल तर जनावर एका गोळीत पडावे, पोटात शिसे घेऊन रानोमाळ फिरू नये. पण हा हिशेब जसाच्या तसा उचलून बारामती-इंदापुरात आणला तर फसतो. तिकडे गोळीच्या वाटेत जनावर असते आणि जनावराच्या मागे डोंगर असतो. इकडे जनावराच्या मागे माणसांची वस्ती असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. हरणासाठी कॅलिबर निवडण्याचा प्रश्न आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निकालात काढला आहे. बारामती तालुक्यात सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली जाहीर झाले ते मुख्यतः चिंकाऱ्यासाठी. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचा हा तुकडा. पण चिंकारा काही कुंपणाची हद्द पाहून चरत नाही. शिर्सुफळच्या माळावर आणि इंदापुरात कडबनवाडीच्या गवताळ रानातही तो आहे. वीस-पंचवीस किलोंचे हे जनावर पहिल्या अनुसूचीत येते आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. त्यामुळे इथे बंदुकीची चर्चा होऊ शकते ती एकाच जनावराबाबत, ते म्हणजे रानडुक्कर. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याची सोय याच कायद्याच्या कलम 11 मध्ये आहे. 2015 साली राज्य सरकारने शासन निर्णय काढून रानडुकराच्या बाबतीत ती वाट आणखी मोकळी केली. तेव्हापासून भांडण चालू आहे ते मारावे की मारू नये यावर. कशाने मारावे, याबद्दल दोन्ही बाजू गप्प आहेत. माझे म्हणणे असे की उसाच्या मुलखात हा दुसरा प्रश्नच आधी सुटायला हवा, आणि त्याचे उत्तर डुकराच्या वजनावरून नव्हे, तर त्याच्या मागे काय आहे यावरून ठरायला हवे.

आपल्याकडे कॅलिबर शिकाऱ्याच्या आवडीने ठरले असे फारसे कधी झालेच नाही. ते सरकारच्या धास्तीने ठरत आले. बंडखोरांच्या हाती लष्करी काडतुसे लागतील या भीतीने इंग्रजांनी 1907 च्या सुमारास .450 बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यावर बंदी घातली, आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मुकाट्याने .470 सारखी नवी मापे काढली. .303 ला आजही मनाई आहे, म्हणून परवानाधारकाच्या घरी रायफल असलीच तर ती बहुधा .315 ची, म्हणजे आठ मिलिमीटरची, क्वचित .30-06 ची. बाकी सारा कारभार 12 बोअरवर. 1959 च्या शस्त्र कायद्यातले कलम 13 मात्र फार कमी लोक नीट वाचतात. पीकसंरक्षणासाठी परवाना मागणाऱ्याला ठासणीची बंदूक द्यावी आणि तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी कोणतीही गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असे त्यात आहे. नळीत आटे असलेल्या रायफलीचे तिथे नाव नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात तेव्हा काय होते ते असो, शेताच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय आहे.

कारण गोळी किती लांब जाते हे पाहा. .22 सारख्या किरकोळ काडतुसाची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. .30-06 ची गोळी योग्य कोनात सुटली तर चार किलोमीटरच्या पुढे जाते. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात कुठेही उभे राहा आणि चार किलोमीटरचे वर्तुळ मनाशी आखा. त्यात दोन-तीन गावठाणे, पाच-पन्नास वस्त्या, एखादी शाळा आणि कारखान्याचा रस्ता सहज येतो. जमीन सपाट, उंचवटा म्हणजे कालव्याचा भराव, आणि त्याच्यावरूनही वाट गेलेली. बारा फूट उंचीचा ऊस डोळ्यांना भिंतीसारखा दिसतो, पण गोळीला तो अडवत नाही. 12 बोअरच्या एल.जी. काडतुसात सहा-आठ मोठे छर्रे असतात. ते काहीशे मीटरांत दम तोडतात. जोर दोन्हींत आहे. फरक पडतो तो नेम चुकल्यावर.

इथे जाणकार शिकारी हरकत घेतील की 12 बोअर डुकराला जखमी करून सोडते, रायफल मात्र जागीच पाडते. अर्धी गोष्ट खरी आहे. नराच्या खांद्यावर जाड, चिवट कवच असते आणि पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे छर्रे पांगतात. तिथून झाडलेला बार म्हणजे क्रूरपणाच. पण यावरून निघणारा निष्कर्ष ‘रायफल घ्या’ असा नाही, ‘जवळून मारा’ असा आहे. उसाच्या कडेला किंवा मक्याच्या रानात रात्री शंभर मीटरवरचे डुक्कर दिसतच नाही. दिसते ती पानांची सळसळ आणि विजेरीच्या झोतात चमकलेले डोळे. ते डोळे डुकराचे, कुत्र्याचे की चिंकाऱ्याचे, हे ओळखण्याआधी चाप ओढणाऱ्याला रायफलीचा अचूकपणा काय कामाचा? अचूकपणा नजरेच्या पलीकडे जात नाही.

खरा फरक पाडतो तो माचाण. साधे गणित करून पाहू. बंदुकीचे तोंड जमिनीपासून चार मीटरवर आहे, डुक्कर पंचवीस मीटरवर आहे आणि नेम खांद्यावर, म्हणजे अर्ध्या मीटर उंचीवर आहे. गोळी आरपार गेली तरी डुकराच्या मागे साडेतीन मीटरवर मातीत शिरते. नेम चुकून ती पाठीवरून, एक मीटर उंचीवरून गेली, तरी साडेआठ मीटरच्या आत जमिनीला लागते. आता तोच माणूस बांधावर उभा आहे असे धरा. तोंड जमिनीपासून साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर येईल. पाठीवरून गेलेली गोळी आता डुकराच्या मागे साठ-बासष्ट मीटर जाते, आणि नेम आणखी अर्धा मीटर वर गेला तर ती जमिनीकडे येतच नाही, आभाळाच्या बाजूने निघून जाते. अंधारात, घाईत, पळत्या जनावरावर बार टाकताना पंचवीस मीटरवर अर्ध्या मीटरची चूक फार मोठी नव्हे. सुप्या-शिर्सुफळकडच्या जिरायती मुरमाड रानात तर दगडाला आपटून गोळी उसळण्याचा धोका माचाणावरूनही उरतो. तिथे 12 बोअरमधूनही एकसंध गोळी नकोच.

ठासणीची बंदूक मात्र मी या यादीतून काढीन, कायद्याने तिला पहिला मान दिला असला तरी. एक बार झाला की दारू, बोळा, छर्रे ठासण्यात जो वेळ जातो तेवढ्यात जखमी डुक्कर फडात शिरते, आणि जखमी नर माणसावर उलटतो. दुनळी 12 बोअरमध्ये दुसरा बार लगेच हाताशी असतो. हा काही बंदुकीचा शौक नव्हे. जनावराचे हाल आणि शेतकऱ्याचा जीव, दोन्ही त्या दुसऱ्या बारावर टांगलेले असतात.

दुसरी हरकत शेतकऱ्याची, आणि ती जास्त वजनाची. अर्ज, पंचनामा, परवाना, त्यात आता माचाण आणि अंतराची अट. तोवर मका भुईसपाट होणार. शिवाय आचारसंहिता लागली की बंदूक बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि निवडणुका काही पीक पाहून लागत नाहीत. हे सगळे खरे आहे. पण अटी नकोत म्हणून जे चालते ते काय? कुंपणात सोडलेली वीज आणि पिठाच्या गोळ्यात भरलेला गावठी बॉम्ब. तारेतल्या विजेला डुक्कर, शेजाऱ्याची म्हैस आणि पहाटे पाणी धरायला निघालेला माणूस सारखेच. बॉम्बने जबडा उडालेले जनावर दिवस दिवस मरत राहते. त्यापेक्षा ठरल्या जागी, ठरल्या अंतरावरून, शिकवलेल्या हाताने झाडलेला बार शतपटीने बरा. तो हात प्रत्येक शेतकऱ्याचाच असला पाहिजे असेही नाही. केरळने 2022 मध्ये रानडुक्कर मारण्याच्या परवानगीचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला आणि तिथे परवानाधारक नेमबाजांच्या याद्या तयार झाल्या. आपल्याकडे वनपरिक्षेत्रवार अशी यादी केली, तिच्यातल्यांचा सराव वर्षातून एकदा तपासला आणि तेवढ्यांच्या बंदुका आचारसंहितेतून वगळल्या, तर शेतकऱ्याची निम्मी तक्रार मिटते. मेलेले डुक्कर सरकारजमा होते, त्याच्या मटणावर कुणाचा हक्क नाही, हेही परवान्यावर ठळक छापावे. नाहीतर पीकसंरक्षणाच्या नावाखाली रविवारची मेजवानी सुरू व्हायला वेळ लागत नाही.

प्राणिप्रेमींची हरकत चिंकाऱ्यापुरती मला पूर्ण मान्य आहे. मयूरेश्वर, शिर्सुफळ, कडबनवाडी यांच्या लगतच्या शिवारात कोणत्याही बोअरचा परवाना देऊ नये. तिथे कुंपण आणि वेळेवर नुकसानभरपाई हाच मार्ग. बाकी शिवारात प्रश्न येतो हंगामाचा. सगळे म्हणतात की डुकरे सापडतात ती उसाचा शेवटचा फड तुटताना. सापडतात, खरे आहे. पण तेव्हा त्या फडाभोवती कोयते घेतलेली टोळी असते, पलीकडे कोप्यांतून त्यांची पोरे झोपलेली असतात, पहाटे तीनपासून बैलगाड्या हलतात. शिवारात अनोळखी माणसे सर्वांत जास्त असतात ती याच महिन्यांत. म्हणून परवाना द्यायचा तो खरिपाचा मका कणसात आल्यापासून काढणीपर्यंत, आणि पहिली टोळी गावात उतरली की त्याच दिवशी तो रद्द व्हावा, डुक्कर फडात दिसत असले तरीही.