डोक्यावरचें बक्षीस

आइसलंडमधील एका कंपनीनें २००३ सालीं काढलेला 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळांतील खेळ आपणांपैकीं कांहींस ठाऊक असेल. हजारों खेळाडू त्या एकाच आकाशांत व्यापार करितात, आणि लूटहि करितात. लुटारूस शासन व्हावें म्हणून नाडलेल्यानें त्याच्या डोक्यावर बक्षीस लावावें, अशी सोय त्यांत ठेविली होती. परिणाम काय झाला? लुटारू आपल्या मित्राकडून, किंवा दुसऱ्या नांवानें स्वतःच, आपला वध करवी आणि बक्षीस उपटी! २०१२ सालीं चालकांनीं नियम फिरविला. मारणाऱ्यास मेलेल्याच्या नुकसानीचा कांहीं अंशच मिळूं लागला. म्हणून ही लबाडी तोट्याची झाली. परंतु त्याच वेळीं कोणीहि कोणाच्याहि डोक्यावर, तो निरपराधी असला तरी, बक्षीस लावण्यास मोकळा झाला. मग त्या कलंकास अर्थ तो काय उरला?

आमचे मतें यांत मोठा बोध आहे. पैशानें शिकारी जमतात, न्याय होत नाहीं. अपराध कोणाचा, हें आधीं निःपक्षपातानें ठरलें पाहिजे. वर्गांत चहाडीबद्दल खाऊ मिळूं लागला, तर चहाड्याच वाढतील, सचोटी नव्हे. तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, खेळा अवश्य. पण सूड आणि न्याय यांतील भेद विसरूं नका. पालकांनींहि 'किती वेळ खेळलास?' याबरोबर 'कसा खेळलास?' हेंहि विचारावें, अशी आमची नम्र सूचना आहे.