स्वस्त विजेची किंमत

वीज स्वस्त झाली पाहिजे, ही मागणी आतां इतकी सर्वमान्य झाली आहे कीं, तिच्याविषयीं शंका घेणारा मनुष्य प्रगतीचा वैरी ठरतो. आम्ही विजेचे वैरी नाहीं. आमचा आक्षेप ‘स्वस्त’ या शब्दाला आहे. देयकांत न दिसणारी किंमतहि कोणाला तरी मोजावी लागतेच.

मुळशीचें उदाहरण घ्या. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळा नदीचें पाणी अडवून तें घाटाखालीं भिरा येथील वीजघरावर सोडावयाचें व ती वीज मुंबईस पुरवावयाची, ही टाटा कंपनीची योजना. तिजविरुद्ध मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला; सेनापति बापट त्याचे प्रमुख नेते झाले. १९२४ पर्यंत लढा चालला व अखेर मोडला. यांतील एक गोष्ट आमच्या वर्गानें विसरूं नये. त्या जमिनींपैकीं पुष्कळ पुण्याच्या सावकारांकडे होत्या, व सावकारांनीं मोबदला घेण्याचें पत्करलें. भातखाचरें बुडालीं तीं कसणाऱ्यांचीं.

पुढें कोयनेचें पाणीहि असेंच पश्चिमेस वळविण्यांत आलें, आणि अर्धें शतक उलटल्यावरहि तेथील धरणग्रस्तांस पुनर्वसनासाठीं आंदोलनें करावीं लागलीं. चंद्रपुरास २,९२० मेगावॉट क्षमतेचें औष्णिक वीज केंद्र आहे. आपल्या देशांतील १०० मण कोळशामागें सामान्यतः ३० ते ४० मण राख उरते. राख केंद्राच्या आसपास राहते. वीज मात्र तारांवरून दूर जाते. कोळशाच्या कर्बवायूनें पृथ्वीचें तापमान वाढतें, आणि बिघडलेल्या पावसाचा पहिला तडाखा कोरडवाहू शेतकऱ्यासच बसतो.

यावर विद्वानांचें उत्तर ठरलेलें आहे : पुष्कळांच्या हितासाठीं थोड्यांनीं त्याग केला पाहिजे. पण त्याग आपण होऊन करावयाचा असतो. कायद्याच्या बळानें दुसऱ्याकडून घेतलेल्या वस्तूस त्याग म्हणणें हा भाषेचा दुरुपयोग आहे. आणि पुष्कळांचें हित म्हणजे तरी काय? गरिबाच्या घरांतील दिवा हें हित खरेंच, व तो महाग करा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु खोलीखोलींतील वातानुकूलन-यंत्रें आणि रात्रभर झगमगणाऱ्या जाहिराती यांचीहि गणना त्याच हितांत कशी होते?

सूर्य व वारा यांपासून वीज काढल्यानें राख टळेल, हें मान्य. पण त्यांसहि जमीन लागतेच, आणि ती कोणाची घ्यावयाची, हा मुळशीचा प्रश्न तेथेंहि उभा राहतो. म्हणून आमची मागणी अशी कीं, साचलेली राख, बुडालेलें शेत व तुटलेलें रान यांचा खर्च विजेच्या हिशेबांत धरावा, आणि तो चैनीसाठीं वीज वापरणाऱ्यांकडून वसूल व्हावा. हा भार मुख्यतः आमच्याच वर्गावर पडेल. तो तेथेंच पडला पाहिजे.