दोष दाखवणाऱ्यांचेही देशावर प्रेम असते

‘देशाचे दोष चव्हाट्यावर मांडणाऱ्यांना कसले आले देशप्रेम?’ असा सवाल आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकाने केला आहे. वर्धा जिल्ह्याचा इतिहास पाहता तो टिकत नाही. जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. अस्पृश्यतेचा हा दोष इंग्रजांचा नव्हता, आपलाच होता. तो बोलून दाखवला आणि आधी स्वतःच्या घरच्या मंदिरापासून सुधारला. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरुग्णसेवा सुरू केली, तीही समाजाने वाळीत टाकलेल्यांसाठीच. याच वर्ध्यात जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला आणि पुढच्याच महिन्यात याच जिल्ह्यातल्या आष्टीच्या लोकांनी त्यासाठी प्राण दिले. परसत्तेशी झुंज आणि घरातली झाडलोट यांत त्या पिढीला विरोध दिसला नाही.

‘तेव्हा पारतंत्र्य होते, आता टीकेने जगात नाचक्की होते,’ हा आक्षेप अपेक्षितच आहे. (नाचक्की दोषाने होते, की तो सांगितल्याने?) स्वातंत्र्यानंतरही पवनारहून निघालेल्या विनोबांनी भूमिहीनांचे दुःख गावोगाव मांडत जमीन मागितली. त्यांना देशद्रोही ठरवायचे असेल, तर पत्रलेखकाने तसे स्पष्ट लिहावे.

– एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)