इंद्रभुवनाचे दप्तर

सोलापूरच्या नागरी कारभाराचा इतिहास ज्यास दगडविटांतून वाचावयाचा असेल त्याने इंद्रभुवनापाशी अवश्य जावे; मात्र ही वास्तू सरकारी कचेरी म्हणून जन्मास आलेली नाही, हे त्याने ध्यानी ठेवावे. अप्पासाहेब वारद या धनाढ्य सोलापूरकराने हौसेने उभारलेला हा प्रासाद. 1860 साली आगगाडी आली, 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, आणि पेठेच्या या गावाचे गिरणगाव होत असताना येथील सावकार-व्यापाऱ्यांच्या अंगी जे ऐश्वर्य व जी रसिकता आली, तिचीच साक्ष ही देखणी इमारत देते. पुढे ती नगराच्या मालकीची झाली आणि 1 मे 1964 रोजी अस्तित्वात आलेल्या महानगरपालिकेची ती ओळखच बनली.

खाजगी वाड्यात लोकसंस्थेने बिऱ्हाड करावे, हे आपल्याकडे नवे नाही. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा भरली, 1879 च्या आगीत त्याचा पूर्वभाग भस्मसात झाला, आणि 1930 ते 1959 पर्यंत तेथेच पुणे नगरपालिकेचे दप्तर नांदले.

परंतु सोलापूरच्या नगरपालिकेचे स्थान निराळे आहे, आणि ते कमानींच्या सौंदर्यावर अवलंबून नाही. 6 एप्रिल 1930 रोजी, दांडीच्या किनाऱ्यावर महात्माजी मिठाचा कायदा मोडीत होते त्याच दिवशी, या नगरपालिकेच्या इमारतीवर चरख्याचा राष्ट्रध्वज चढला. ज्या संस्थेची सनदच परकी सरकारच्या कायद्याने दिलेली, तिने त्याच सरकारच्या डोळ्यांदेखत आपल्या माथ्यावर राष्ट्राचे चिन्ह मिरवावे, या कृतीचे मोल घरपट्टी आणि नळपट्टी यांच्या हिशेबात बसणारे नव्हे. महिनाभरात गांधीजींच्या अटकेचे वृत्त आले, लोकक्षोभ उसळला, गोळीबार झाला, सरकारी अंमल काही काळ नावापुरताही उरला नाही. आणि 12 मे रोजी पुकारलेल्या लष्करी कायद्याखाली तिरंगा हाती धरणे हाच गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी अशा चार समाजांतील ही चार घरे. या गावाचे खरे स्वरूप याहून स्पष्ट कोणी सांगावे?

म्हणून मला वाटते की वास्तूची डागडुजी झाली, रंग लागला, दिव्यांची रोषणाई झाली, एवढ्यावर समाधान मानणे हा त्या वारशाचा अर्धवट स्वीकार होय. भिंती टिकवणे हे गवंड्याचे काम आहे, स्मृती टिकवणे हे दप्तरखान्याचे. नगरपालिकेच्या सभांची जुनी इतिवृत्ते, ठरावांच्या वह्या, पाणीपुरवठ्याचे नकाशे, कराच्या नोंदी यांचे स्थान बासनात नाही, नागरिकांच्या हाती आहे. शाळेतील मुलास आपल्या पेठेत दिवाबत्ती केव्हा आली आणि आपले पूर्वज कशाबद्दल भांडले, हे तेथे जाऊन वाचता आले पाहिजे.

महापालिकेस माझी विनंती आहे की इंद्रभुवनातील एक दालन या दप्तरासाठी कायम राखून ठेवावे आणि ते सर्वांस विनामूल्य खुले असावे. आणि सोलापूरकर वाचकांस विनंती ही की ज्यांच्या घरी 1930 सालातील पत्रे, हस्तपत्रके वा छायाचित्रे असतील त्यांनी त्यांच्या प्रती या दालनासाठी द्याव्यात.