खुशाली आणि करार



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात रोज एकच तक्रार येते. ‘साहेब, टोळी खुशाली मागतीय, दिल्याशिवाय फडाला कोयता लावत न्हाई.’ आणि हेच सभासद तोडणीचा करार झाल्याचे वाचले की म्हणतात, ‘दर वाढवले, आता आमच्याच बिलातून कापणार.’ दोन्ही गाऱ्हाणी खरी आहेत. पण ती एकमेकांत अडकलेली आहेत, असे आम्हांस वाटते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ तीन वर्षांसाठी ठरली. संघटना आणि साखर संघ समोरासमोर बसले म्हणून ठरली. कारखान्याच्या आतल्या कामगाराला १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यताप्राप्त युनियन दिली. फडातल्या कोयत्याला तेवढाही आधार नव्हता. हंगामाच्या तोंडावर कोयता बंद, एवढेच त्याचे हत्यार.

१९९१ नंतर वारे फिरले. १९९८ साली साखर धंदा परवानामुक्त झाला, खाजगी कारखाने वाढले, उसाची पळवापळवी सुरू झाली. खर्च उतरवायचा म्हणजे कंत्राट द्यायचे, ही रीत सगळीकडे पडली. सहकारी कारखाने त्यातून सुटले असे कोणी म्हणू नये.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात मूळ आकडा २० मजुरांचा होता. संहितेत तो ५० आहे. आता हिशेब करा. दहा कोयत्यांची टोळी, कोयता म्हणजे नवरा-बायको, म्हणजे माणसे २०. जुन्या आकड्यात कागदोपत्री तरी बसणारी ही टोळी आता मोजणीतच नाही. मुकादमाला परवाना नको, उचलीचा हिशेब कोणी विचारायचा नाही.

याने आपला खर्च वाचेल असे काही सभासदांना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. बैठकीत जे ठरत नाही ते बांधावर वसूल होते, आणि तेही अडलेल्याकडून. मोठ्या बागायतदाराची तोड वेळेवर होते, एकरभरवाल्याचा ऊस तुरा येऊन वाळतो. हार्वेस्टर त्याच्या तुकड्यात वळतसुद्धा नाही.

उसाचा भाव आपण तरी एकेकट्याने मागितला होता का?

तेव्हा खुशाली दिली असेल तर रक्कम चिटबॉयकडे लिहून द्यावी, दबू नये. पुढच्या कराराच्या वेळी त्या आकड्यांची यादी शेतकी खात्याकडून संचालक मंडळापुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.